पिंगीच्या पाठीवरची कातर

ही गोष्ट सांगायची मी सहा वर्षं टाळली. टाळायला फार कष्ट पडले नाहीत. तुमच्या या पिंगी कुत्रीच्या पाठीवर हा भुरका पट्टा कसला, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, "उन्हानं झालं." ते खोटं नव्हतं. धनगर तुमच्या रानात का बसत नाहीत आताशा, असं विचारलं की म्हणायचो, "त्यांची वाट बदलली." तेही खरंच होतं. अशी दोन अर्धी उत्तरं जवळ असली की माणूस बरीच वर्षं निभावून नेतो.

यंदा ज्वारी चांगली निघाली. मळणीयंत्राचा भुस्सा अजून अंगणातल्या तुळशीच्या पानांवर बसलेला आहे. कडब्याच्या गंजीला तो गोडसर, कोरडा वास आहे. रानं मोकळी झाली की आमच्याकडे नजर एकदम लांब जाते. जी घरं, जी झाडं चार महिने ज्वारीच्या ताटांच्या आड होती, ती पुन्हा दिसू लागतात. गाव अर्धं रिकामंच आहे. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यावरून अजून परतलेली नाहीत, त्यांच्या दारांना कुलपं आहेत, आणि दुपारी गल्लीतून चाललं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो.

अशा एका दुपारी घाटनांदूरच्या रस्त्याकडून मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. मला ऐकू येण्याआधी पिंगीला आल्या असाव्यात. ती उंबऱ्याशी झोपली होती. तिने डोकं उचललं, एक कान उभा केला, दुसरा अर्ध्यावर मोडलेला तसाच ठेवला. आता ती म्हातारी झाली आहे. उठायला वेळ लागतो. तरी उठली, फाटकापर्यंत गेली आणि तिथून वळून माझ्याकडे पाहू लागली. तिला म्हणायचं होतं, चला. मी खुर्चीतच बसून राहिलो. मला वाटलं, या मुक्या जनावराला जे सहज जमतं तेवढंही आपल्याला जमू नये.

पिंगी आमच्याकडे आली ती पुण्याहून, अशाच सुगीच्या दिवसांत. आमची मुलगी प्रज्ञा तिथे नोकरीला. कुत्रीचं पहिलं नाव इंग्रजी काहीतरी होतं. जात शेल्टी. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड बेटांवर मेंढ्या वळणारं हे लहानसं कुत्रं, असं प्रज्ञाने समजावून सांगितलं. तिच्या नव्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं. दुसरं घर मिळेपर्यंत दोन-अडीच महिने सांभाळा, म्हणाली. गाडीच्या मागच्या सीटवरून कुत्री उतरली तेव्हा गल्लीतली माणसं गोळा झाली. तांबूस अंग, गळ्याभोवती पांढऱ्या केसांचा दाट घेर, टोकदार तोंड. माझा जुना दोस्त दगडू म्हणाला, "काय बे आण्णा, पेन्शनीत कोल्हं पाळलंस का?"

"कोल्हं न्हाई, इलायती हाय," मी म्हणालो.

"मग इंग्रजीत भुंकतंय का बघ. आमच्या मोत्याला समजायचं न्हाई."

प्रज्ञाने जाताना एक कागद लिहून भिंतीवर, कॅलेंडरशेजारी चिकटवला. रोज विंचरायचं, वरवर नाही, कातडीपर्यंत. वरचे केस राठ असतात, खाली मऊ लोकरीसारखा थर असतो, गुंता तिथे होतो. कानामागे, काखेत गोचीड आहे का ते बघायचं. गूळ द्यायचा नाही, पेढा तर नाहीच. दुपारी ओल्या फरशीवर ठेवायचं. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: केस कापायचे नाहीत, कधीही नाही. ते तिला उन्हापासूनही वाचवतात. हे शेवटचं वाक्य मी वाचलं होतं. मी वाचलंच नव्हतं असं आता म्हणायची सोय नाही.

माझी बायको सुमन आधी कुरकुरली. "आधी माणसांचं बघा. पोरीला लग्नाचं काय म्हणायला जावं तर कुत्रं आणून ठेवती." पण चार दिवसांत तिनेच त्या जनावराचं नाव पिंगी ठेवलं. कारण ते सतत घराभोवती पिंगा घालायचं. अंगणात कोंबड्या पांगल्या की त्यांना गोल फिरून एका कोपऱ्यात आणायचं. कोंबड्या संपल्या की आमची पाळी. सुमन चुलीपाशी आणि मी ओट्यावर असलो की पिंगीला चैन पडत नसे. ती आत जायची, बाहेर यायची, माझ्या टाचेला नाकाने ढोसायची. आम्ही दोघं एका जागी बसलो की मग दोघांच्या मध्ये पाय पसरून झोपायची.

निवृत्तीनंतर घरात दोन माणसं असून दोघांची दोन वेगळी घरं झाली होती. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. माजलगावच्या धरणाच्या कालव्यावर नोकरीची बरीच वर्षं गेली, घरी असायचो ते पाहुण्यासारखा. घरी कायमचा आलो तेव्हा आम्हांला एकमेकांशी काय बोलायचं ते सुचत नसे. त्या कुत्रीने आम्हांला वळून एका ओट्यावर आणलं. संध्याकाळी सुमन तिच्या अंगावरून कंगवा फिरवायची, मी शेंगा सोलायचो. कंगव्यात आलेले मऊ केस सुमन कुंपणावर टाकायची आणि चिमण्या ते घरट्यासाठी उचलून न्यायच्या. त्या सुगीचं आठवायला बसलो की हे आधी आठवतं. वाईट ते नंतर आठवतं, हे एक बरं आहे.

मग बिरू आला.

बिरू धनगर. पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यातून मेंढरं घेऊन दरसाल यायचा. ज्वारी निघाली की त्याचा कळप आमच्या चार एकरांत पंधरा-वीस दिवस बसायचा. संध्याकाळी जाळीची वाघर उभी करून तिच्यात मेंढरं कोंडायची, रोज वाघर थोडी पुढे सरकवायची. रानाला खत मिळतं, धनगराला आपण धान्य देतो. ही रीत साऱ्या मुलखात आहे. आमच्या घरात तिला आणखी एक अर्थ होता.

माझ्या वडिलांनी बाबासाहेबांमागे धम्म घेतला, त्यानंतर काही वर्षांनी हे रान त्यांच्या नावावर झालं. त्यांनी स्वतःच्या हाताने विहीर खोदली. गोड पाणी लागलं, पण गावातलं कोणी त्या विहिरीकडे फिरकत नसे. धनगरही दुसऱ्यांच्या रानात बसायचे. एका साली बिरूचा बाप कळप घेऊन बांधावर उभा राहिला, म्हणाला, "पाणी हाय का?" वडील म्हणाले, "हाय. पर आमचं हाय." तो म्हणाला, "पान्यावर नाव लिवलंय का?" आणि ओंजळ धरून प्यायला. त्या साली मेंढरं आमच्या रानात बसली. मी तेव्हा लहान होतो. त्या दिवशी संध्याकाळी वडील पुन्हा पुन्हा वाघरीभोवती चक्कर मारून येत होते. तेव्हापासून बिरूचं घराणं आलं की "जयभीम" म्हणायचं आणि आम्ही "राम राम" म्हणायचो. ज्याने त्याने दुसऱ्याचा नमस्कार घ्यायचा, अशी ती गंमत दोन पिढ्या चालली.

तर त्या साली बिरू आला, आणि पिंगीने आयुष्यात पहिल्यांदा मेंढरं पाहिली.

ती बांधावर थबकली. अंग एकदम खाली गेलं, मान पुढे, एक पाय उचललेला. मला वाटलं घाबरली. आणि मग ती सुटली. सरळ कळपावर धावून गेली नाही. लांबून मोठा फेरा घेऊन पलीकडे गेली, पांगलेली दहा-बारा मेंढरं तिने मुख्य कळपाला आणून मिळवली आणि बसली. न भुंकता. बिरू काठीवर हनुवटी टेकवून बघत राहिला.

"आण्णा, ह्येला कोणी शिकिवलं?"

"कोणी नाही. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलीय."

"मंग रगतात हाय. आमची तीन कुत्री लांडग्याला भेत न्हाईत, पर मेंढरं वळायची म्हणली की आमच्याकडं बघत बसत्यात." मग सुमनकडे वळून म्हणाला, "वैनी, ही पोर मला देता का?"

"न्या की," सुमन म्हणाली. "पर हिला दुपारचा पंखा लागतो. तुमच्या घोंगड्याला पंखा बसवा आदी."

बिरूची बायको एवढी हसली की तिच्या हातातली भाकरी थापायची राहिली. त्यानंतर रोज संध्याकाळी मी पिंगीला रानात नेऊ लागलो. धुळीत सगळ्या मेंढरांची पाठ सोनेरी दिसायची आणि त्यांच्या मागून हा तांबूस ठिपका डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जायचा. बिरू शीळ घालायचा आणि दोन दिवसांत पिंगीला ती शीळ कळायला लागली. एवढं आनंदी जनावर मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण रानात गोखरू होतं, कुसळं होती. ती तिच्या केसांत भरायची. सुमन रोज काढायची. मग माजलगावला सुमनच्या बहिणीचा पाय मोडला आणि सुमनला पंधरा दिवसांसाठी जावं लागलं. जाताना कंगवा माझ्या हातात देऊन म्हणाली, "अहो, एक दिवस चुकवला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काम लागतंय. चुकवू नका."

मी पहिला दिवस चुकवला. पारावर दगडूबरोबर पत्ते रंगले होते. दुसऱ्या दिवशी कंगवा अडकला, पिंगी कळवळली, मी सोडून दिलं. पुढे पुढे गुंत्याच्या गाठी झाल्या, लिंबाएवढ्या, मागच्या पायांवर, पोटाखाली, पाठीवर. प्रज्ञाचा फोन यायचा, तोंड दिसणारा. मी फोन पिंगीच्या चेहऱ्याजवळ धरायचो, अंग दिसू द्यायचो नाही. "किती गोड दिसतेय," प्रज्ञा म्हणायची. एका संध्याकाळी तिने सांगितलं, घर मिळालं, पाच दिवसांनी येते, पिंगीला घेऊन जाते.

त्याच दिवसांत बिरू मेंढरं कातरत होता. उन्हाळ्याच्या तोंडावर हे काम असतं. मेंढी आडवी पाडायची, पाय बांधायचे, आणि कातर चालू करायची. करकर करकर असा एकसुरी आवाज, खाली काळी लोकर घोंगडीसारखी अखंड उतरत जाते. पाय सोडले की मेंढी उठते, अंग झाडते आणि हलकी होऊन पळत सुटते. ते बघून माझ्या डोक्यात आलं ते आलंच. गुंताही जाईल आणि ऊनही लागायचं नाही. मुलीला सांगता येईल, उन्हाळा होता म्हणून हलकं केलं.

मी पिंगीला उचलून बिरूपुढे ठेवलं. त्याने गाठी चाचपल्या. म्हणाला, "आण्णा, ह्ये कंगव्याचं काम हाय. दोन दिस लागतील. मी सोडवून देतो."

"दोन दिवस कुठे बसतोस? कातर लाव."

"कावून? मेंढीची लोकर येगळी, ह्येचे केस येगळे. कुत्र्याला आमी कदी कातर लावली न्हाई. ऊन सोसायचं न्हाई तिला. तायला इचारलं का?"

"माझं घर, माझं कुत्रं. ताईला काय विचारायचं?"

"तरी नगं, आण्णा."

कालव्याच्या कचेरीत मी बरीच वर्षं पाणीपाळीच्या याद्या केल्या. माणसं पुढ्यात उभी राहायची, मी मान वर न करता बोलायचो. तो आवाज निवृत्तीनंतर गेला असं मला वाटत होतं. तो गेलेला नव्हता. त्या आवाजात मी म्हणालो, "माझ्या रानात बसतोस ना? मग माझं एवढं ऐकायचं न्हाई?"

बिरूने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पिंगीला मांडीवर घेतलं, एक हात तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि अगदी हळू, मेंढीपेक्षा कितीतरी हळू कातर चालवली. पिंगी हलली नाही. तिचा त्याच्यावर विश्वास होता.

केस उतरल्यावर ती उरली ती मांजराएवढी. ती पळाली आणि बाजेखाली जाऊन बसली. जेवायला बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला मोठ्या कौतुकाने भर दुपारी रानातून फिरवून आणलं. म्हटलं, आता हिला काय ऊन लागतंय. संध्याकाळपर्यंत पाठ लाल झाली. तिसऱ्या दिवशी फोड आले. चौथ्या दिवशी ते फुटले. पाचव्या दिवशी प्रज्ञा आली.

तिने बाजेखाली वाकून पाहिलं आणि ती तिथेच जमिनीवर बसली. मग तिने विचारलं, "पप्पा, कोणी केलं हे?"

मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. तिने ओरडायला सुरुवातही केली नव्हती. मी म्हणालो, "मी घाटनांदूरला गेलतो, बाजाराला. बिरूनं मेंढ्यांसोबत हिलाही कातरलं. मला आल्यावर कळलं."

ती उठली आणि तडक रानात गेली. मी मागे मागे. बिरू, त्याची बायको, बरोबरची दोन-तीन धनगर माणसं, सगळे होते. प्रज्ञा बिरूपुढे जाऊन उभी राहिली. "तुम्हांला कोणी सांगितलं होतं? मेंढी आहे का ती? दुसऱ्याच्या जनावराला हात लावताना एकदा विचारावंसं वाटलं नाही? जनावरांत आयुष्य गेलं म्हणता, मग एवढंही कळत नाही?" आणखीही बरंच बोलली. ते मी लिहीत नाही. ते शब्द तिचे नव्हते, मीच ते तिच्या तोंडात घातले होते.

बिरूने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी बोलेन म्हणून तो थांबला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याची बायको तोंड उघडायला गेली, त्याने हाताने तिला थांबवलं आणि तो पुन्हा थांबला. एवढा वेळ दिला मला. मी बांधावरच्या बाभळीकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "व्हय ताय. कातर माज्याच हातात हुती."

तेवढंच. आणि ती जायला वळली तर मागून म्हणाला, "पाठ उन्हात पडू देऊ नगा. खोबऱ्याचं त्याल लावा, निस्तं. हळद नगा, झोंबंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात वाघर नव्हती. ठरलेले दिवस संपायच्या आधी कळप उठला की गावाला काय ते कळतं. कुणाच्या तरी इमानात खोट निघाली, एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि कुणाच्या ते गावाने आपापल्या मनाने ठरवलं. शेजारच्या दोघांनी बिरूला आपल्या रानात बोलावलेलं होतं, त्यांनी नको म्हणून निरोप पाठवला. मी दोघांनाही ओळखत होतो. एका हाकेचं काम होतं, ती मी मारली नाही.

पिंगीची पाठ भरायला पावसाळा लागला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मलम दिलं, खोबरेल चालेल म्हणाले. सुमनने जुन्या सुती लुगड्याची एक बंडी शिवली, पाठीला पुरणारी, पोटाशी नाड्या. ती घालून पिंगी अंगणात आली की दगडू म्हणायचा, "सरपंचबाई आल्या, उठा." पहिल्यांदा तिने पुन्हा कोंबड्या वळल्या त्या दिवशी सुमनने फोन करून प्रज्ञाला सांगितलं आणि दोघी फोनवर रडल्या. प्रवासात जखम घासेल म्हणून प्रज्ञाने तिला नेलंच नाही. पुढे दिवाळीत न्यायला आली तर पिंगी गाडीत बसेना, खाली उतरून आम्हां दोघांभोवती फेरे घालू लागली. प्रज्ञा म्हणाली, "राहू दे. तुमच्याकडे ती सुखात आहे." मी खोटं बोललो म्हणून पिंगी मला मिळाली, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तरी मी तिला ठेवून घेतलं.

तेव्हापासून सकाळी चहाच्या आधी मी तिला विंचरतो. सहा वर्षांत चुकवलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आधी बोटांनी मोकळं करायचं, मग रुंद दातांचा कंगवा, मग बारीक. कानामागचे केस सर्वांत नाजूक. तिला पोटाखाली गुदगुल्या होतात, ती लाथ झाडते. आता माझी नजर अधू झाली आहे, पण बोटांना गाठ आधी कळते. केस परत आले, दाट आले. एवढे दाट आलेले पाहून डॉक्टरांनाही नवल वाटलं. वीतभर जागा तेवढी राठ आणि भुरकी राहिली. सुमन म्हणते, राहू दे, आपल्याला तरी कुठं सगळे केस आहेत.

सुमनला माहीत होतं. दोन वर्षं ती काही बोलली नाही. मग एका दुपारी तूर निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी बाजाराचा वार नव्हता." मी पुढ्यातले खडे वेचत राहिलो. ती म्हणाली, "मी कुणाला सांगायची न्हाई. पर तुमी सांगा." आणि सुपातली तूर पाखडायला लागली.

या संक्रांतीला प्रज्ञा आली होती. पिंगीला मांडीवर घेऊन तो पट्टा चाचपत होती. तिच्या बोटांकडे बघता बघता मी सगळं सांगून टाकलं. कसं सुटलं कोण जाणे. तिची बोटं पट्ट्यावरच थांबली. शेवटी म्हणाली, "सहा वर्षं, पप्पा?"

"हो."

"मी त्या माणसाला त्याच्या बायकोसमोर काय काय बोलले, आठवतंय तुम्हांला?"

"सगळं."

ती अंगणात जाऊन बसली. पिंगी तिच्याकडे गेली, मग माझ्याकडे आली, मग पुन्हा तिच्याकडे. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. अखेर प्रज्ञा चिडून म्हणाली, "पप्पा, इकडे येऊन बसा, ती दमली." मी जाऊन बसलो. मग प्रज्ञा म्हणाली, "आधी तुम्ही जा त्यांच्याकडे. तुमच्यानंतर मी जाईन. आधी मला पाठवू नका." तिचा राग गेलेला नव्हता, पण ती शेजारी बसून होती. मला तेवढं खूप वाटलं.

परवा त्या घंटा ऐकू आल्यावर मी चौकशी केली. तो कळप दुसऱ्याच धनगराचा होता. बिरूचा कळप आता केजकडे, युसूफ वडगावच्या शिवारात बसतो. काल मी पिंगीला घेऊन काळीपिवळी जीपने गेलो. वाटेत तिने खिडकीबाहेर तोंड काढलं, आणि शेजारच्या बाईने विचारलं, "कोल्हं कुठं नेताव, मामा?"

बिरू वाळला आहे. कळप आता त्याचा मुलगा बघतो. मला लांबून पाहून बिरू उठला, घोंगडं झटकलं, पसरलं. "जयभीम आण्णा," म्हणाला. माझ्या तोंडून राम राम निघालं. त्याने मला काही विचारण्याआधी पिंगीला बोलावलं. ती शेपटी हलवत थेट त्याच्या मांडीवर गेली. सहा वर्षं मध्ये गेलीच नव्हती जणू. त्याचा हात तिच्या पाठीवरून फिरला, पट्ट्यापाशी थांबला, पुन्हा फिरला.

"आलं की समदं," तो म्हणाला. "म्या म्हणलं, येतंय का न्हाई. लई दिस मनात हुतं."

मग शीळ घातली. पिंगी उठली, अंग खाली केलं आणि निघाली. आता धावता येत नाही तिला, चालत चालत फेरा घेतला. चार मेंढरं आणली. मुलगा बघतच राहिला. बिरू त्याला म्हणाला, "ह्ये आण्णा. तुजा आजा ह्येंच्या रानात बसायचा." एवढंच सांगितलं. त्यापुढचं त्याने मुलालाही कधी सांगितलेलं नव्हतं, हे मुलाच्या चेहऱ्यावरून मला समजलं.

त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला. ती मात्र माझ्याशी बोलली नाही आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. बिरू पावसाचं बोलला, गवताचं बोलला. मी दोनदा सुरुवात केली. एकदा "बिरूभाऊ" म्हणालो, तर तो म्हणाला, "बोला." आणि मी म्हणालो, "साखर कमी घालता का?" मुलगा म्हणाला, पुढल्या साली तुमच्याकडचं रान मोकळं असलं तर कळवा. मी मान हलवली, जोरजोरात हलवली. गाडीची वेळ झाली तेव्हा बिरू रस्त्यापर्यंत पोचवायला आला. गाडी येईपर्यंत आम्ही दोघंच होतो. तरीही माझी जीभ उचलली गेली नाही. दुसरं काही कारण नाही.

म्हणून इथे लिहितो. हे छापून आलं की मी पुन्हा जाईन, आणि त्याच्या मुलाच्या हातात देऊन म्हणेन, मोठ्याने वाच, तुझ्या आईलाही ऐकू जाऊ दे. जे रस्त्यावर उभं राहून म्हणायचं होतं ते असं:

बिरूभाऊ, त्या दिवशी मी गावातच होतो. तुमच्या पुढ्यात उभा होतो. तुम्ही नको म्हणालात, दोनदा म्हणालात, आणि मी तुम्हांला माझ्या रानाचा धाक घातला. माझी मुलगी बोलत होती तेव्हा तुम्ही माझ्यासाठी थांबलात, आणि मी तोंड फिरवलं. कातर तुमच्या हातात होती, पण ती मी चालवली. तुम्ही काही चुकला नव्हतात. चुकलो मी, आणि तुमचं नाव गावात खराब झालं तेही माझ्यामुळे. मला माफ करा.